घाटमाथ्यावर इंजिन बंद करायचं

कळस, पुणे
दि. ९ फेब्रुवारी १९९२

चि. मच्छिंद्र यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. तुझी खुशाली तुझ्या पत्रातून कळली. जरा जास्तच कळली.

अक्षराकडे बघू नकोस. पेन खराब आहे, आणि हे पत्र शालूला सांगून लिहून घेण्यासारखं नाही. म्हणून बसलोय स्वतःच. सकाळपासून तीन कागद फाडले. पहिल्या कागदावर तुला ज्या शिव्या घातल्या होत्या त्या पोस्टखात्यानं पोचवल्या नसत्या.

आधी इकडची हकीकत. म्हैस व्याली, रेडी झाली. गाव महापालिकेत जाणार असं पुन्हा बोलणं सुरू झालंय आणि हिंदुरावनं आतापासूनच ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत. पीक उभं असताना. ट्रक अंगणातच आहे, ताडपत्रीखाली. झाली हकीकत.

आता तुझ्या पत्राकडे वळतो. आपल्या घरी पत्र कसं वाचलं जातं हे तुला माहीत आहे, का पिथमपूरच्या कारखान्यात इंजिनं तपासायला लागल्यापासून तेही विसरलास? पाकिटावर नाव कुणाचंही असो, पत्र ओट्यावर वाचलं जातं. आबा बाजेवर बसतात, शालू चौकटीला टेकून वाचते, आणि शेजारचा हिंदुराव कुणी बोलावलं नसताना येऊन तंबाखू मळत बसतो. तुझ्या वहिनीला भरभर वाचायची सवय. "ती. दादास सा. न." इथून तिनं जी सुरुवात केली ती थेट पुढच्या ओळींवर येऊन आदळली. तुला आठवत नसतील तर तुझ्याच शब्दांत देतो.

"मी निघताना स्पष्ट सूचना देऊन गेलो होतो, की घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवायचं. टर्बो तेव्हा लालबुंद तापलेला असतो. इंजिन एकदम बंद केलं की त्याला ऑइल मिळायचं थांबतं, आतलं ऑइल जळून कोळसा होतो आणि शाफ्ट जाम होऊन धरतो. तुम्ही म्हसोबाच्या घुमटीपुढे इंजिन बंद करत राहिलात. तुमच्या अंधश्रद्धेपायी माझं एक चांगलं काम मातीत गेलं. यापुढे घरच्या गाडीला मी हात लावणार नाही."

वाचता वाचता शालूचा आवाज बारीक होत गेला. पण शेवटपर्यंत वाचलं तिनं. हिंदुराव तंबाखू मळायचा थांबला, यावरून काय ते समज.

तर साहेब, सूचना. स्पष्ट सूचना. कुणाला दिली होतीत?

मी घरात होतो. तू निघालास त्या संध्याकाळी मी अंगणात गाडीखाली ग्रीस मारत होतो आणि माझे पाय बाहेर होते. तू त्या पायांना वळसा घालून ओट्यावर गेलास आणि आबांना सांगितलंस, "दादाला सांगा." मग जाताना माझ्या पाया पडलास. पाया पडायला वाकलास तेव्हा तोंड माझ्यापासून हातभर लांब होतं. तेव्हा सांगता आलं नाही?

नाही आलं. कारण आपल्या घरात धाकट्यानं थोरल्याला तोंडावर काही शिकवायचं नसतं. गाडीचं काही असलं तर ते आबांना सांगायचं, आबा मला सांगणार, माझं काही असलं तर ते आबांकडून तुला. लहानपणापासून हेच चालत आलं. डिप्लोमा झाला, टर्बो बसवलास, नोकरी लागली, पण ही रीत तू सोडली नाहीस. मग आबांची घुमटी ही अंधश्रद्धा आणि ही तुझी रीत काय रे? ही कुठल्या पुस्तकात होती? देवापुढे इंजिन बंद केल्यानं टर्बो गेला असेल, पण मला तोंडावर न सांगितल्यानंही तो तितकाच गेला. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

मला आठवतंय, तू टर्बो आणलास तो जुन्या बाजारातून, कुठल्याशा जनरेटरवरून काढलेला, पोत्यात गुंडाळून. आबा म्हणाले, "हे गोगलगाईवानी काय आणलंस?" तू ओट्यावर खडूनं चित्र काढून आबांना समजावलंस, की सायलेन्सरमधून जो धूर फुकट जातो त्याच्या जोरावर हे चाक फिरतं आणि इंजिनात जास्त हवा कोंबतं, मग त्याच इंजिनात जास्त डिझेल नीट जळतं. आबांना किती कळलं देव जाणे, पण ते चित्र त्यांनी आठवडाभर कुणाला पुसू दिलं नाही. शालूला ओटा सारवू दिला नाही.

आणि मग तू जे राबलास ते मी पाहिलंय. खोटं बोलणार नाही. आपलं इंजिन कसलं जुनं, नोझल झिजलेले, पंप थकलेला. पंप तू खडकीला बजरंग मिस्त्रीकडे नेऊन लावून आणलास, ऑइलची नळी चार वेळा वाकवून बघितलीस, मॅनिफोल्डसाठी आपल्या हातानं फ्लँज कापलास. गाडी पहिल्यांदा सुरू झाली आणि ती शिट्टी वाजली तेव्हा आबा म्हणाले, "गाडीला दमा झालाय." सगळे हसले. तू नाही हसलास. तुला वाटलं आबा टिंगल करतायत. तुला कधीच कळलं नाही की आबा ज्याची टिंगल करतात ती वस्तू त्यांना आवडलेली असते.

खंबाटकीच्या घाटात मी भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर, तीही कण्हत कण्हत चढवत आलोय. तुझ्या टर्बोनं तिसऱ्यावर चढली. पहिल्या खेपेला एका कोऱ्या गाडीला मागे टाकलं. तो ड्रायव्हर वर आल्यावर खाली उतरून आपल्या बॉनेटमध्ये डोकावून गेला. हे मी तुला तेव्हा कळवलं नाही, आता कळवतो. राग आला म्हणून झालेलं नाकारण्याइतका मी लहान नाही.

त्यानंतर आबांनी हेका धरला, मला एकदा घाटात ती शिट्टी ऐकायचीय. जानेवारीत कोल्हापूरला सळया न्यायच्या होत्या, त्या खेपेला त्यांना घेऊन गेलो. नारळ मांडीवर घेऊन बसले होते. खंबाटकीच्या पायथ्याचं खंडाळा सोडून चढ लागला, शिट्टी चढायला लागली, आणि आबा खिडकीतून बाहेर बघत मला म्हणाले, "ह्यो मच्छिंद्रच घाट चढतुया." एकदा नाही, प्रत्येक वळणाला. एवढं कौतुक माझ्या वाट्याला उभ्या जन्मात आलं नाही, आणि तू लिहितोस "तुमच्या अंधश्रद्धेपायी."

त्या घुमटीचं तुला सांगायला नको, पण सांगतो. गाडी नवी घेतली तेव्हा पहिल्याच घाटात रेडिएटर उकळला. आबा वर पोचले ते देवाचं नाव घेत, आणि गाडी बंद पडली ती बरोबर म्हसोबाच्या घुमटीपुढे. तेव्हापासून ठरलं. माथ्यावर आलं की इंजिन बंद. त्याच्या दारात घरघर करायची नाही. मग उतरायचं, नारळ फोडायचा, निघायचं. तू लहानपणी केबिनमध्ये झोपलेला असायचास आणि आवाज बंद झाला की बरोबर जागा व्हायचास, खोबऱ्यासाठी. त्या खोबऱ्याला तेव्हा अंधश्रद्धेची चव लागत नव्हती.

तर वर पोचलो. गाडी कडेला घेतली आणि चाकं पुरती थांबायच्या आत स्टॉपची तार ओढली. इंजिनाचा आवाज नेहमीसारखा खाली आला. आबा दार उघडून उतरले, घुमटीकडे चार पावलं गेले. आणि तो आवाज पुन्हा चढायला लागला. आपोआप. तार माझ्या हातात ओढलेली, डिझेल बंद, आणि आवाज वर वर वर. टर्बोचा शाफ्ट तुटला होता आणि इंजिनाचंच ऑइल त्याच्यातून आत जात होतं. ते स्वतःचं ऑइल पिऊन पळत होतं. हे मला मागाहून बजरंगनं सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की मी बंद करतोय आणि ते बंद होत नाही.

आबा नारळ हातात धरून ओरडत होते, "बंद कर! देवाच्या दारात हायेस, बंद कर!" निळा धूर इतका झाला की घुमटी दिसेना. गाडीच्या तोंडासमोर नारळवाली बाई बसलेली, तिला उठायचंही सुचेना. तू म्हणशील, गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा होता, इंजिन गुदमरून बंद पडलं असतं. पडलं असतं, किंवा गाडी उडी मारून त्या बाईवर गेली असती. पिथमपूरला बसून दोन्ही सुचतं.

मी खाली उडी मारली, बॉनेट उघडलं, हवेचा रबरी पाइप उपटला आणि टर्बोच्या उघड्या तोंडात माझा टॉवेल कोंबला. टॉवेल आत गेला आणि दिसेनासा झाला. तोवर आबा आले. त्यांनी डोक्यावरचा पटका उतरवला आणि माझ्या हातात दिला. "ह्यो घाल." मी तो गोळा करून आत दाबला, तळव्यानं, सगळा जोर लावून, आणि दाबून धरला.

इंजिन बंद झालं. एकदम शांत झालं सगळं. मग मी हात बाहेर काढला.

पेन खराब नाही मच्छिंद्र. उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून गेलीत आणि तिसरं वाकत नाही. हे मी डाव्या हातानं लिहितोय. टर्बोच्या चाकानं पटका ओढला, पटक्याबरोबर बोटं गेली. सदऱ्याची बटणं शालू लावते. जेवायला चमचा लागतो. वर "क्षेम" लिहिलंय ते आता खोडत बसत नाही.

तुला जे कार्ड पाठवलं होतं, "घाटमाथ्यावर टर्बो तुटला, इंजिन खराब झालं, सगळे सुखरूप," ते मीच सांगितलं तसं शालूनं लिहिलं. तू नोकरीत नवीन, कायम झालेला नाहीस, हे कळलं तर सगळं टाकून येशील असं वाटलं मला. किती चुकीचा माणूस आहे बघ मी. त्या कार्डावर दादाचं अक्षर का नाही, हे विचारावंसं तुला एकदाही वाटलं नाही. टर्बो कसा तुटला ते मात्र तू दोन पानं भरून लिहिलंस.

पण बोटांसाठी हे पत्र नाही. बोटांचा राग आला असता तर कार्डातच आला असता. राग कशाचा आहे ते आता सांगतो, नीट वाच.

दवाखान्यात माझा हात बांधत होते तेव्हा आबा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. बोडक्या डोक्यानं. म्हणाले, "मच्छिंद्रानं मला सांगितलं हुतं. देवापुढं इंजान चालू ठेव म्हनून तुला कसं सांगू, म्हनून म्या बोललो न्हाय. बाकी ठिकानी तू इंजान बंद करायच्या आदी जरा थांबतूसच." मी तिथल्या तिथे म्हणालो, "आबा, त्याचा काही संबंध नाही. जुन्या बाजारातला भंगार माल, आज ना उद्या तुटायचाच होता." शालूलाही तेच बोलायला लावलं. हिंदुराव म्हणत होता, गाडीला शिट्टी लावली ती म्हसोबाला खपली नाही. म्हटलं, म्हणू दे. देवाचा कोप म्हणू दे, भंगार म्हणू दे, पण आबांकडे बोट जायला नको. आबा पुरते पटले नव्हते, तरी जेवायला लागले होते. एक दिवस तर मला म्हणाले, नवा पटका घ्यायला शहरात जाऊ.

आणि मग तुझं पत्र आलं. मी कसंबसं झाकलेलं सगळं तू दोन पानांत उघडं केलंस. ऑइल जळतं, कोळसा होतो, शाफ्ट धरतो. आबांना एकेक शब्द कळला, कारण टर्बो काय असतो हे त्यांना तूच खडूनं शिकवलं होतंस. शालूनं पत्र मिटलं. आबा उठून गोठ्यात गेले.

तेव्हापासून पटक्याचं नाव नाही. आई गेली तेव्हासुद्धा दिवस झाल्यावर त्यांनी पटका बांधला होता. आता गावात बोडके फिरतात, लोक विचारतात कोण गेलं. ताटावर माझ्या डाव्या बाजूला बसतात, उजवा हात दिसू नये म्हणून, आणि एक भाकरीही पुरी होत नाही. परवा म्हणाले, होळी झाली की मी बायडाकडं लोणीला जातो, कायमचा. मी म्हटलं, आत्याकडे कशाला, हे घर तुमचं आहे. तर म्हणाले, "तुझ्या हातासमूर बसून भाकरी गिळत न्हाय." आपल्या बापानं या वयात बहिणीच्या दारी जाऊन राहायचं. का, तर धाकट्या चिरंजीवांना आपण बरोबर होतो हे कळवायचं होतं.

आता माझं काम ऐक. विनंती समजू नकोस.

तू आबांना पत्र लिहायचंस. आबांच्या नावानं, "तीर्थरूप" लिहून, ओट्यावर वाचलं जाईल असं. त्यात लिहायचं, की मी कारखान्यात जाणत्या लोकांना विचारलं आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. बेअरिंग आधीच झिजलेलं होतं, मी घेताना नीट तपासलं नाही. नळी मी बारीक बसवली, ऑइल पुरत नव्हतं. तो टर्बो कुठेही तुटला असता, सपाटीवर, चालत्या गाडीत. इंजिन बंद केल्याचा काही संबंध नाही, घाईत आणि रागात मी दादाला भलतं लिहिलं. काय लिहायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं जुळवता येईल. मोठी नावं वापर. चित्र काढ हवं तर.

मी सांगून उपयोग नाही. सांगून झालं. आबा म्हणतात, "तू माझ्यासाठी बोलतूस." तुझ्यावर विश्वास ठेवतील. कारण तू आजवर कुणाच्या समाधानासाठी एक शब्द बोललेला नाहीस.

तुला हे जड जाईल, मला ठाऊक आहे. तू फार सरळ आहेस, आणि त्या कामाचा तुला किती अभिमान आहे तेही मी पाहिलंय. हिंदुराव ऐकेल आणि गावभर सांगेल, की मच्छिंद्राला कामच येत नव्हतं, भावाची बोटं घालवली. सांगू दे. गावात तुझं नाव वाईट होईल आणि ते तू मुकाट्यानं सोसायचंस. माझी बोटं परत येणार नाहीत, आबा अजून जाग्यावर आहेत. होळीच्या आत पत्र आलं पाहिजे.

माझ्या हाताचं तू काही लिहू नकोस. दया वगैरे नको. आणि इतक्यात येऊ नकोस. तू समोर आलास की आबा तुझं तोंड बघून ओळखतील, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. नोकरी कायम झाली की ये. तोवर गाडीचं इंजिन बजरंगकडून नव्यानं भरून घेतो. टर्बो पोत्यात बांधून माझ्या खाटेखाली ठेवलाय. शालू भंगारात दे म्हणते. मी देत नाही.

यापुढे गाडीबद्दल काही सांगायचं असलं तर मला सांग. माझ्या तोंडावर सांग. मी थोरला आहे म्हणून गप्प बसलास तर थोरला म्हणूनच कानफटात मारीन, डाव्या हातानं का होईना.

तब्येतीला जप. तिकडे थंडी जास्त असते म्हणतात.

तुझा,
दादा

ता. क. टर्बो चांगला होता. हे एकदाच लिहितोय. पुन्हा कधी विचारलंस तर मी नाही म्हणेन.